आयोवातल्या गावगोष्टींची शहानिशा कशी करायची?

मक्याचं_रान

नमस्कार मंडळी. ईशान्य आयोवातल्या विनेशिक काउंटीत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी मराठीत एकत्र करायचा विचार आहे. डेकोरा, स्पिलव्हिल, फेस्टिना, बर ओक हा सगळा पट्टा. इथल्या वाचनालयात, चर्चच्या जेवणांत, धान्याच्या एलेव्हेटरवर (कोठारावर) त्याच चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर येतात:

फेस्टिनाजवळचं इवलंसं दगडी चॅपल एका आईच्या नवसाचं आहे. मुलगा नेपोलियनच्या रशिया मोहिमेतून जिवंत परतला तर देवाचं घर बांधीन, असं ती बोलली होती म्हणे.

मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणारी लॉरा इंगल्स वाइल्डर लहानपणी बर ओकच्या हॉटेलात राहत होती, आणि तिचं कुटुंब भाडं थकवून रातोरात निघून गेलं.

पहिल्या महायुद्धात फोनवर नॉर्वेजियन किंवा जर्मन बोललं की दंड व्हायचा.

आणि दर दुसऱ्या शेतावर ऐकू येणारी: 'ही जमीन आमच्या पणजोबांना होमस्टेडमध्ये (राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली) फुकट मिळाली.'

माझं म्हणणं असं की या गोष्टी नुसत्या उतरवून घेण्यात अर्थ नाही. प्रत्येकीखाली कागद काय म्हणतो तेही छापलं पाहिजे. सुरुवात कुठून करावी, कुठला कागद कशासाठी बघावा, लोक कुठे फसतात, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

दस्तऐवज

आडनावापासून सुरुवात करू नका, जमिनीपासून करा. या भागात ओले ओल्सन पन्नास सापडतील, पण सेक्शन १४ मधला ठरावीक चाळीस एकरांचा तुकडा एकच असतो. माणसं नावं बदलतात, जमीन जागची हलत नाही.

शेताचं कायदेशीर वर्णन काउंटीच्या असेसरच्या (कर-आकारणी अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर मिळतं. साधारण असं असतं: 'सेक्शन १४, टाउनशिप ९८ उत्तर, रेंज ८ पश्चिम, पाचवी प्रमुख मध्यान्हरेषा, ईशान्य चतुर्थांशाचा नैऋत्य चतुर्थांश.' टाउनशिपचा आकडा उत्तरेकडची आडवी ओळ सांगतो, रेंजचा आकडा त्या मध्यान्हरेषेपासून पश्चिमेकडचा उभा पट्टा. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्याचा चतुर्थांश १६०, आणि त्या चतुर्थांशाचा चतुर्थांश ४० एकर. मूळ इंग्रजी वर्णनात आधी लहान तुकडा आणि शेवटी रेंज येते, त्यामुळे ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं.

हे वर्णन घेऊन केंद्राच्या भूमी खात्याच्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदींच्या संकेतस्थळावर जा. शोध फुकट आहे. नावाचा रकाना कोराच ठेवा आणि राज्य, टाउनशिप, रेंज, सेक्शन एवढंच भरा. सरकारने तो तुकडा पहिल्यांदा कुणाच्या नावे केला ते सांगणारं पेटंट, म्हणजे पहिलं मालकीपत्र, समोर येतं. त्यावर 'अधिकार' अशी एक ओळ असते, सगळी गोम तिथे आहे:

- २४ एप्रिल १८२०, रोख विक्री: एकरी सव्वा डॉलर मोजून घेतलेली जमीन.
- १८४७, १८५०, १८५२, १८५५ यांपैकी एखादा वॉरंट कायदा: सैनिकाला बक्षीस मिळालेल्या वॉरंटावर (जमिनीच्या हक्कपत्रावर) घेतलेली.
- २० मे १८६२, होमस्टेड: पाच वर्षं राहून, कसून मिळवलेली.

विनेशिकमध्ये बहुतेक तुकड्यांवर पहिल्या दोनपैकी एक दिसेल, कारण इथली चांगली जमीन होमस्टेड कायदा येण्याआधी, १८५० च्या दशकातच विकली गेली होती. तेव्हा तुमची चौथी गोष्ट बहुतेक शेतांवर इथेच निकालात निघेल.

दोन सापळे सांगून ठेवतो. एक, वॉरंटच्या पेटंटवर पहिलं नाव सैनिकाचं किंवा त्याच्या विधवेचं असतं. त्यांनी ते वॉरंट बहुधा बाजारात विकून टाकलेलं असे आणि आयोवा कधी डोळ्यांनीही बघितलेलं नसे. खरा घेणारा म्हणजे पुढे 'असायनी' (ज्याला हक्क लिहून दिला तो) म्हणून लिहिलेला माणूस. तोही बऱ्याचदा सट्टेवाला निघतो. दोन, पेटंटची तारीख म्हणजे वस्तीची तारीख नव्हे. पैसे भरल्यावर वॉशिंग्टनहून पेटंट यायला वर्ष-दोन वर्षं सहज लागत.

गणिती

उत्तम. त्यात मोजणीची थोडी भर.

टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैल, ३६ सेक्शन. क्रमांक नांगरटीच्या तासांसारखे उलटसुलट जातात: १ ईशान्य कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग ७ हा ६ च्या खाली आणि तिथून पूर्वेकडे. ३६ आग्नेय कोपऱ्यात येतो. नकाशावर हे आधी पेन्सिलीने घालून घ्या, नाहीतर सेक्शन ७ आणि १२ ची हमखास अदलाबदल होते.

मोजणी गुंटरच्या साखळीने व्हायची. साखळी ६६ फुटांची, तिच्यात १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. इथले बरेच ग्रामीण रस्ते हद्दीपासून हद्दीपर्यंत ६६ फूट असतात ते त्यामुळेच. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना मध्यान्हरेषा जवळ येतात, शिवाय साखळीतही चूक व्हायची. ही सगळी तूट-वाढ टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या ११ सेक्शनांत ढकलायचा नियम होता. म्हणून १ ते ६ आणि ७, १८, १९, ३०, ३१ या सेक्शनांत बाहेरच्या कडेला नेमके ४० एकर न येता 'सरकारी लॉट' येतात, कुठे ३७ एकर तर कुठे ४३. पणजोबांना सरकारने तीन एकरांना फसवलं अशी गोष्ट ऐकलीत तर आधी सेक्शनचा क्रमांक बघा.

मोजणीदारांच्या वह्याही सोडू नका. आयोवाची मूळ मोजणी १८३६ ते १८५९ या काळात झाली. प्रत्येक कोपऱ्यावर खांब रोवून जवळच्या झाडांवर खूण करायचे आणि झाडाची जात, जाडी इंचांत, दिशा आणि अंतर कड्यांत लिहायचे. झाड नसेल तर मातीचा ढीग करून 'प्रेअरी' अशी नोंद. तुमच्या शेतावर नांगर लागण्याआधी ओकचं रान होतं की गवत, हे सांगणारा याहून जुना लेखी पुरावा बहुधा मिळणार नाही.

सायली_के

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर राखून असहमत. कागद कोर्टहाउसात दीडशे वर्षं पडून आहे, अजून वर्षभर पडून राहील. नव्वदीच्या आजीबाई नाही. आधी माणसं ध्वनिमुद्रित करा.

आणि ते नीट करा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. फोन वापरत असाल तर विमान मोडवर टाका. स्वयंपाकघरात बसणार असाल तर फ्रिज बंद करायची परवानगी मागा, त्याची घरघर नंतर निघत नाही. (फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही.) ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं मोठ्याने बोला. संमतीपत्रावर सही त्याच दिवशी घ्या, नंतर वारसांच्या मागे फिरावं लागतं. घरी आल्यावर दर पाच मिनिटांना काय बोललं गेलं याची एक-एक ओळ लिहा. पूर्ण लिप्यंतर सहसा मागे पडतं, ही सूची मात्र हाताशी राहते.

साल विचारू नका. 'वीज यायच्या आधी की नंतर?' असं विचारा. केंद्राचा ग्रामीण विद्युतीकरण कायदा १९३६ चा, पण प्रत्येक रस्त्यावर खांब वेगवेगळ्या वर्षी आले आणि ते वर्ष घरातल्यांना पक्कं आठवतं. तसंच ११ नोव्हेंबर १९४० चं हिमवादळ. सकाळी इतकं उबदार होतं की मिसिसिपीवर बदकांच्या शिकारीला माणसं साध्या कोटात गेली, आणि दुपारनंतर थंडीने गारठून किती तरी मेली. त्या वयाच्या माणसाला 'वादळाच्या दिवशी तुम्ही कुठल्या घरात होता?' एवढं विचारलं की पत्ता, शाळा, गुरांची संख्या सगळं ओघात बाहेर पडतं.

दस्तऐवज

@सायली_के, माणसं आधी हे मान्य. फक्त जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका एवढंच म्हणतो. त्या टाउनशिपचा जुना मालकी-नकाशा मोठा छापून टेबलावर पसरा. 'तुमच्या गावाबद्दल सांगा' यावर लोक गोंधळतात. नकाशावर बोट ठेवून 'इथे शाळा दाखवली आहे, ती अजून आहे का?' म्हटलं की तासभर थांबत नाहीत.

शाळेवरून आठवलं. प्रत्येक टाउनशिपमधला सेक्शन १६ शाळांच्या निधीसाठी राखीव होता. त्यामुळे त्या सेक्शनमधल्या शेताचं पेटंट केंद्राच्या नोंदींत सहसा नसतंच आणि लोक 'रेकॉर्ड हरवलं' असं धरून चालतात. हरवलेलं नसतं. ती जमीन शाळा-निधीतर्फे विकली गेली, तिचा पहिला कागद काउंटीत किंवा राज्याकडे शोधायचा. दलदलीच्या जमिनी आणि रेल्वेला दिलेल्या जमिनींचंही असंच, तिथे केंद्राकडून पहिलं नाव राज्याचं किंवा कंपनीचं येतं.

आणि मुलांना तिथे शाळेत जावं लागे असंही नाही बरं का. सेक्शन १६ हा पैशासाठी होता. शाळेची खोली मुलांना चालत येता येईल अशा जागी, बहुधा रस्त्यांच्या चौफुलीवर असे.

पेन्सिलवाला

म्हणजे इथे सातबारा नाही का? सगळं स्वतःच जोडत बसायचं?

जुना_पत्ता

@पेन्सिलवाला, आयोवात सातबाऱ्याच्या जवळचं एक आहे आणि इतर राज्यांत ते दुर्मीळ होत चाललंय: अ‍ॅबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल. पेटंटपासून आजपर्यंतचा प्रत्येक खरेदी-विक्रीचा, गहाणाचा, वारसाचा, कोर्टाच्या निकालाचा सारांश एकाखाली एक. सगळे फेरफार एका गठ्ठ्यात बांधल्यासारखं. आयोवात मालकी-विमा विकता येत नाही, त्यामुळे घर-जमीन विकताना वकील अजूनही हा गठ्ठा वाचून मत देतो आणि म्हणून तो जपला जातो. शेतमालकाच्या कपाटात, बँकेत किंवा वकिलाकडे असतो. मूळ प्रत कुणाची उसनी आणू नका. ती हरवली तर नवी करायला भरपूर खर्च येतो. तिथेच बसून फोटो काढा, पानं सुटी करू नका.

ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी कोर्टहाउसात दोन दारं ठोठवायची. ऑडिटरकडे हस्तांतरणाच्या वह्या असतात, त्या जमिनीच्या क्रमाने लावलेल्या. रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्तनोंदणी अधिकाऱ्याकडे, मूळ दस्त असतात आणि त्यांची सूची देणारा-घेणारा अशा नावांनी. आधी ऑडिटरच्या वहीतून साखळी काढा, मग पुस्तक आणि पान क्रमांक घेऊन रेकॉर्डरकडे जा. उलट केलंत तर दिवस जातो.

साखळीत मध्येच खंड दिसला की समजायचं, मालक वारला आणि वारसांकडे दस्ताशिवाय गेली. तिथे प्रोबेटची (वारसा-प्रकरणाची) फाइल काढायची, डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लार्ककडे. तीत घरातल्या वस्तूंची यादी असते: किती गाई, कुठला नांगर, शिवणयंत्र आहे की नाही. गोष्टीला रंग भरायचा असेल तर ही यादी कुठल्याही कादंबरीहून सरस. आणि दस्तात 'एक डॉलर व इतर मोबदला' दिसलं तर जमीन डॉलरला विकली असं लिहू नका. किंमत न सांगण्याची ती पद्धत आहे, बहुतेक वेळा बापाने मुलाला दिलेली असते.

मिसिसिपीकाठची

चर्चा छान चालली आहे, पण सगळ्यांनी इतिहास पेटंटपासून सुरू केलाय. काउंटीचं नावच विनेशिक. तो हो-चंक या मूळ अमेरिकन जमातीचा नायक, आणि डेकोरा हे गावसुद्धा त्यांच्याच वाकन डेकोरा या नायकाच्या नावाचं. ही माणसं इथून कशी गेली हे सांगितल्याशिवाय 'पहिला वस्तीकर' हा शब्द संग्रहात येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

थोडक्यात क्रम असा. १८३० च्या तहाने ईशान्य आयोवात डकोटा आणि सॉक-मेस्क्वाकी या जमातींच्या मध्ये चाळीस मैल रुंदीची 'तटस्थ पट्टी' आखली गेली. विस्कॉन्सिनमधल्या हो-चंकांना पुढच्या तहांनी या पट्टीत ढकललं. त्यांना इथे ठेवण्यासाठी आणि इतरांपासून राखण्यासाठी १८४० मध्ये फोर्ट अ‍ॅटकिन्सन बांधायला घेतला. १८४६ मध्ये आणखी एक तह झाला आणि १८४८ मध्ये त्यांना मिनेसोटात हलवलं. पुढच्याच वर्षी किल्ला रिकामा झाला आणि गोऱ्यांची वस्ती आत आली. किल्ल्याचे दगड आजही त्याच नावाच्या गावात उभे आहेत.

त्याहून मागे जायचं तर शेजारच्या अ‍ॅलमाकी काउंटीत मिसिसिपीच्या कड्यावर एफिजी माउंड्स राष्ट्रीय स्मारक आहे. दोनशेवर मातीचे उंचवटे, त्यांतले काही अस्वलांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे. खाली उभं राहून आकार पटकन कळत नाही, कडेने चालत गेल्यावर अस्वलाचे पाय लक्षात येतात.

आणि सगळेच गेले असंही नाही. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा काउंटीत स्वतःच्या पैशाने, १००० डॉलर देऊन, ८० एकर जमीन विकत घेतली आणि ते आजही तिथेच आहेत. 'होमस्टेडमध्ये फुकट मिळाली' या गोष्टीशेजारी हा दस्त छापा.

जुना_पत्ता

@मिसिसिपीकाठची, अगदी खरं. आणि याचं खापर ज्या पुस्तकांवर फुटायला हवं ती म्हणजे १८७० ते १९१० च्या दरम्यान निघालेले जाडजूड काउंटी-इतिहास. प्रकाशक एजंट गावोगाव फिरवायचे, आगाऊ वर्गणी घ्यायचे. वर्गणी भरणाऱ्याचं चरित्र आत, जास्त पैसे भरणाऱ्याचं चित्रही आत. मजकूर त्या माणसानेच सांगितलेला. त्यामुळे त्यात प्रत्येकजण कष्टाळू, पापभीरू आणि चर्चचा आधारस्तंभ. गडीमाणसं, कुळं, विधवा, दिवाळखोर यांतून गायब. अँड्रियास यांच्या १८७५ च्या आयोवा नकाशासंग्रहातली शेतांची सुरेख चित्रंही पैसे घेऊन काढलेली, कुंपण सरळ आणि घोडे गुबगुबीत.

पुस्तकं टाकून देऊ नका, पण त्यांतल्या प्रत्येक चरित्राशेजारी शेतीचा सेन्सस ठेवा. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चार वर्षी शेतीच्या वेगळ्या तक्त्यात प्रत्येक शेताची लागवडीखालची आणि पडीक जमीन, गुरं, मक्याचे बुशेल, लोण्याचे पौंड लिहिलेले आहेत. 'भरभराटीचं शेत' किती भरभराटीचं ते दोन ओळींत कळतं. लोणी पुष्कळ आणि गहू कमी दिसला तर ते घर बाईच्या कामावर चाललेलं होतं, जे चरित्रात कधीच येत नाही.

१८९० चा केंद्रीय सेन्सस १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळा गेला. आयोवात ती पोकळी १८८५ आणि १८९५ च्या राज्य-सेन्ससने भरते. १९१५ च्या राज्य-सेन्ससच्या कार्डावर कमाई, शिक्षण, चर्च आहे. १९२५ चा तर खजिनाच, आईचं माहेरचं नावही लिहिलंय.

उत्तरेचा_वारा

डेकोरा आहे म्हणजे नॉर्वेजियन नावं आलीच. ओलेचा मुलगा लार्स हा लार्स ओल्सन, आणि त्याचा मुलगा लार्सन. शिवाय मूळ गावच्या वाडीचं नाव मागे लागतं, आणि ते माणूस राहायला गेला की बदलतं. अमेरिकेत आल्यावर तीन सख्ख्या भावांनी तीन आडनावं घेतलेली सापडतात. म्हणून चर्चच्या वहीत वाडीचं नाव सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ते मिळालं की नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहाच्या डिजिटलआर्किव्हेटवर त्या पॅरिशची (चर्चच्या हद्दीतल्या परिसराची) वही फुकट उघडते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. तेच लोक पुढे आयोवात शेजारच्या चाळीस एकरांवर भेटतात.

डेकोरा-पोस्टेन हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १८७४ पासून १९७२ पर्यंत इथून निघत होतं, वाचक देशभर. हरवलेल्या भावाचा पत्ता विचारणारी पत्रं हा वेगळ्या प्रकरणाचा ऐवज आहे. व्हेस्टरहाइम हे नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय गावातच. मॅडिसनचं नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्रही मदत करतं.

मुक्कामपोस्ट_एमस

अवांतर: आयोवात डेल्ही नावाचं गाव आहे आणि एल्केडर हे गाव अल्जीरियाच्या अब्द अल-कादिर यांच्या नावाचं. पालो अल्टो, सेरो गोर्डो, ब्वेना व्हिस्टा या काउंट्या मेक्सिको युद्धातल्या लढायांच्या नावांच्या. नकाशा बघून देश ओळखायची पैज इथे लावू नये.

दगडी_कुंपण

स्मशानांवर कुणीच बोललं नाही म्हणून.

निळसर राखाडी, अक्षरं कालच कोरल्यासारखी स्वच्छ, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज: तो दगड नव्हे, जस्त आहे. 'व्हाइट ब्राँझ' नावाने १८७४ ते १९१४ या काळात विकलं जायचं, मूळ कारखाना कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला, आयोवात डे मॉइनला शाखा. त्यावरची तारीख वाचायला सोपी, पण ते स्मारक मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी उभं केलेलं असू शकतं. १८५५ च्या मृत्यूवर जस्ताचं स्मारक असेल तर तारीख कुणाच्या तरी आठवणीतून आली आहे. स्पिलव्हिलला सेंट वेन्सेस्लॉसच्या दफनभूमीत चेक लोकांचे लोखंडी क्रूसही बघा. ते चर्च १८६० चं.

संगमरवर वाचताना खडू, पीठ, दाढीचा फेस काही लावू नका. पीठाने बुरशी धरते, फेसातलं आम्ल दगड खातं. आरसा घेऊन जा आणि ऊन कडेने, दगडाला घासून जाईल असं पाडा. झिजलेलं अक्षर सावलीत उभं राहतं. साफच करायचं असेल तर आधी परवानगी, मग दगड ठोकून-दाबून बघा. आतून पोकळ वाजला, साखरेसारखा भुगा सुटला तर हात लावू नका. धडधाकट असेल तर भरपूर पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर घासत जायचं, म्हणजे मळकट ओघळांचे डाग पडत नाहीत. लायकनसाठी (दगडावर वाढणाऱ्या दगडफुलासाठी) डी-टू हे द्रावण. ब्लीच कधीच नाही, त्यातले क्षार दगडात शिरून स्फटिक होतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. गोठणाऱ्या थंडीत पाणी घालायचं नाही.

सायली_के

तिसऱ्या गोष्टीबद्दल. ती खरी आहे, पण जरा बदललेली. २३ मे १९१८ ला गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढला: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि टेलिफोनवर फक्त इंग्रजी. सार्वजनिक भाषणं इंग्रजीत, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी पूजा-प्रार्थना घरी करावी. नुसती जर्मन नव्हे, सगळ्याच परक्या भाषा, म्हणून नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळे भरडले गेले. युद्ध संपल्यावर त्याच वर्षी तो मागे घेतला.

दंडाची ठोस उदाहरणं आहेत, पण ती स्कॉट काउंटीतली. पार्टी लाइनवर (अनेक घरांच्या सामाईक टेलिफोन लाइनवर) जर्मन बोललेल्या शेतकरी बायकांना भुर्दंड पडला. विनेशिकमधल्या एखाद्या ठरावीक आजीला दंड झाला असं कुणी सांगितलं तर तिचं नाव, लाइन आणि महिना विचारा, आणि त्या महिन्याचं स्थानिक वृत्तपत्र उघडा. नाही सापडलं तरी गोष्ट ठेवा, फक्त 'असं सांगतात' म्हणून. भीती खरी होती हे चर्चच्या इतिवृत्तांत दिसतं. १९१८ च्या उन्हाळ्यात लिहिण्याची भाषा कुठे बदलली ते पान शोधा आणि त्याचा फोटो छापा.

मक्याचं_रान

खूपच आभार. आता उरली चॅपल आणि इंगल्स. इंगल्स कुटुंब १८८० च्या सेन्ससमध्ये इथे सापडत नाही, मग बर ओकची गोष्ट कशाच्या आधारावर?

जुना_पत्ता

सापडणारच नाही. ते १८७६ च्या शरदात आले आणि १८७७ मध्ये गेले. केंद्रीय सेन्सस १८७० आणि १८८० ला, राज्याचा नावनिशीवार १८८५ ला. दोन्हींच्या मधल्या फटीत राहिलेलं कुटुंब. धाकटी ग्रेस मे १८७७ मध्ये बर ओकला जन्मली, पण आयोवात जन्मनोंद राज्यभर सक्तीची झाली १८८० मध्ये, म्हणजे तोही कागद नाही. जमीन घेतली नाही, म्हणून दस्त नाही. या भागातल्या फिरत्या, गरीब कुटुंबांचं हे नेहमीचं, आणि वरच्या जमिनीच्या पद्धतीची ही मर्यादा.

आधार आहे तो लॉराने स्वतः लिहिलेल्या आठवणींचा. मास्टर्स हॉटेल चालवण्यात मदत करणं, आणि भाड्यापायी रात्री निघणं, हे तिथूनच आलंय. मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत तिने हे वर्ष गाळलं. हॉटेलची इमारत उभी आहे, संग्रहालय आहे. तेव्हा टीप अशी द्या: आधार स्वतः पात्राची उतारवयात लिहिलेली आठवण, घटनेच्या वेळी ती दहा वर्षांची.

दस्तऐवज

चॅपलसाठी गोष्टीचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासा.

इमारत: सेंट अँथनी ऑफ पॅडुआ चॅपल, १८८५, स्थानिक दगड, १४ बाय २० फूट, चार बाकं, आठ माणसं. हे मोजता येतं, टेप घेऊन जा.

माणूस: योहान गेर्टनर, मागेच दफन. १८१२ मध्ये सैनिक म्हणजे जन्म १७९५ च्या आतला हवा. तेव्हा १८६० मध्ये वय ६५ च्या पुढे, १८८० मध्ये ८५ च्या पुढे दिसलं पाहिजे. सेन्ससमध्ये नाव जर्मन उच्चाराने गेर्टनर, गार्टनर, गार्डनर कसंही असेल, म्हणून नावाने न शोधता टाउनशिपची पानं एकेक करून वाचा. दोन-तीन वर्षांचा फरक चालतो, वीस वर्षांचा नाही.

सैन्य: नेपोलियनच्या त्या फौजेत जर्मन संस्थानांच्या तुकड्या मोठ्या संख्येने होत्या, त्यामुळे जर्मन माणूस असणं अजिबात अशक्य नाही. जन्मगावाचं संस्थान कळलं तर तिथल्या सैनिकी याद्या शोधता येतात. जन्मगाव पॅरिशच्या मृत्युनोंदीत असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

नवस: हा तपासता येत नाही. १८१२ च्या आसपास बोललेला, फेडला १८८५ मध्ये, सत्तरावर वर्षांनी, पुढच्या पिढ्यांनी. मधल्या काळात तो फक्त घरात सांगितला गेला. तो जसा ऐकलात तसा, सांगणाऱ्याच्या शब्दांत, ध्वनिमुद्रणाची तारीख देऊन छापा. दोन माणसांकडून ऐका आणि फरक दोन्ही ठेवा. कुणी आई नवस बोलली म्हणेल, कुणी मुलगा, तिथे सरासरी काढू नका.

'जगातलं सर्वांत लहान चर्च' हे मात्र गाळा. न्यूयॉर्क राज्यात ओनिडाच्या तळ्यातलं चॅपल ५१ बाय ८१ इंच आहे.

गणिती

शेवटची एक सूचना, जागा नक्की करण्यासाठी. १९३० च्या दशकातली कृषी खात्याची हवाई छायाचित्रं आयोवा राज्य विद्यापीठाच्या नकाशा-सर्व्हरवर फुकट आहेत. आजच्या चित्रावर ती चढवली की पाडलेली शाळा, बुजवलेला ओढा, हललेला रस्ता लगेच दिसतो. गावात असाल तर सॅनबर्नचे अग्निविमा नकाशे, ५० फुटांना एक इंच. गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड, निळं म्हणजे दगड. काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर बरेच आहेत, पण ते फक्त वस्तीचे, शेतांचे नाहीत.

मक्याचं_रान

मग चॅपलपासून सुरू करतो. पॅरिशच्या मृत्युनोंदी बघायला मिळतील का हे चर्च कार्यालयाला पत्राने विचारतोय. टाउनशिपचं १८८० चं सेन्ससचं पान सापडलं की वय इथेच टाकतो. जर्मन हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का?

उत्तरेचा_वारा

आहे. पानाचा फोटो सरळ वरून काढा, फ्लॅश बंद, पट्टी शेजारी ठेवून, आणि एक ओळ न कापता पूर्ण रुंदी घ्या. एकट्या नोंदीचा फोटो नको. त्याच हाताने लिहिलेल्या आधीच्या-नंतरच्या पाच-सहा नोंदी लागतात, अक्षरांचं वळण त्यांच्यावरून लावायचं असतं.